ग्रांद शोमियेर, पॅरिस : शिकवणारं कुणी नाही, म्हणून जावं

पूर्वी मन लावून चित्रं काढणारी आणि मधेच कुठेतरी हात थांबलेली कुणी मैत्रीण एकटी पॅरिसला निघाली, की मी तिला लूव्रच्याही आधी एक पत्ता देते. १४, रू द ला ग्रांद शोमियेर, पॅरिसचा मोंपार्नास भाग. अकादमी द ला ग्रांद शोमियेर. तिथं सत्राचे पैसे भरायचे, आत जाऊन जागा धरायची आणि समोरच्या माणसाचं चित्र काढायचं. सेवा म्हणाल तर एवढीच. मी स्वतः गेले त्या प्रवासात ज्या ज्या गोष्टींवर पैसे खर्च केले, त्यांत हे पैसे सर्वांत सार्थकी लागले. का, ते नीट सांगायचंय.

पोचायला सोपं आहे. मेट्रोची ४ नंबरची लाइन, वावँ स्टेशन. वर आलं की चौकातच शिल्पकार रोदँनं केलेला कादंबरीकार बाल्झाकचा पुतळा दिसतो, अंगाभोवती झगा लपेटलेला, मान मागे टाकलेली. ज्या लेखकसंस्थेनं तो करायला सांगितला होता तिनंच १८९८ साली तो नाकारला. या चौकात तो उभा राहिला १९३९ साली, रोदँच्या मृत्यूनंतर २२ वर्षांनी. मी रोज पाच मिनिटं तिथं थांबून त्याची मान काढायचे. तिथून दोन पावलांवर ही गल्ली. लांबीनं अगदी लहान, पण तिथला प्रत्येक घरनंबर वाचत चालावं अशी. ४ बिसला (म्हणजे ४-अ) सेनेलिए या रंगवाल्यांचं दुकान. ८ नंबरच्या इमारतीत चित्रकार मोदिल्यानीचा शेवटचा स्टुडिओ. १० नंबरला कोलारोस्सी अकादमी होती, शिल्पकार कामीय क्लोदेल जिथं शिकली ती. आणि मग १४.

ही अकादमी १९०४ मध्ये सुरू झाली. १९०९ पासून तिचा कारभार पाहणाऱ्यांत मार्ता स्टेटलर आणि आलिस डानेनबेर्ग या दोघी चित्रकार होत्या. हे मी मुद्दाम सांगतेय. पॅरिसच्या एकोल दे बोझार या सरकारी कला महाविद्यालयानं बायकांना विद्यार्थिनी म्हणून घेतलं तेच मुळी १८९७ साली. त्याआधी आणि त्यानंतरही बरीच वर्षं, उघड्या मानवी देहाचा अभ्यास करायचा तर बाईला अशाच खाजगी अकादम्यांचा आधार होता. त्या काळी ग्रांद शोमियेरमध्ये शिक्षकही होते. शिल्पकार बूर्देल शिल्प शिकवायचा, पुढे शिल्पकार म्हणून गाजलेला जाकोमेत्ती त्याच्या हाताखाली शिकला, अमेरिकन शिल्पकार काल्डर १९२६ साली इथं येऊन रेखाटनं करत बसायचा. आणि १९२९ मध्ये सोळा वर्षांची अमृता शेरगिल इथं आली. तिच्याकडे पुन्हा येईन.

आता सत्र कसं असतं ते. सत्रं दोन प्रकारची. एकात मॉडेल एकच पोज बराच वेळ धरून बसते, ते रंगवणाऱ्यांच्या सोयीचं. दुसरं म्हणजे क्रोकी, म्हणजे झटपट रेखाटनं. त्यात पोज काही मिनिटांत बदलते. खोली जुनी, लाकडी, भिंतींवर इतक्या वर्षांचा तपकिरी रंग चढलेला, मोठ्या काचांमधून शांत उजेड येणारा. मधे चौथरा आणि भोवती अर्धवर्तुळात स्टुलं. कागद, कोळसा, पेन्सिली आपल्या आपण न्यायच्या. मॉडेल चौथऱ्यावर येते, गाऊन बाजूला ठेवते, पहिली पोज घेते आणि खोलीतला सगळा आवाज कागदांवर जातो. वेळ झाली की ती आपोआप बदलते. मधे सुट्टी होते तेव्हा ती गाऊन घालून पाणी पिते. कुणी तुमच्याकडे येऊन काही सांगत नाही. दुरुस्ती नाही, शाबासकी नाही, शेवटी चित्रं भिंतीला लावून चर्चा नाही. ज्यांना शरीररचना पहिल्यापासून शिकायची आहे त्यांनी इथं येऊ नये, त्यांना शिक्षकच हवा. पण ज्यांना येतंय आणि येतंय हे विसरायला झालंय, त्यांच्यासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही.

मी या विसरलेल्यांपैकी होते. कोल्हापूरला कलानिकेतनमध्ये जी.डी. आर्ट ही चित्रकलेची पदविका करताना मी आणि माझा नवरा एकाच वर्गात होतो. पंचगंगेच्या घाटावर, रंकाळ्यावर, जनावरांच्या बाजारात आम्ही बरोबर बसून स्केचिंग केलं. लग्नानंतर पुण्याला आलो. एका घरात दोन इझल मांडायला जागा नव्हती, ही सुरुवातीला खरीच अडचण होती. मग त्याच्या चित्रांच्या फ्रेमा, कॅटलॉगचं प्रूफ, जहांगीर कलादालनातल्या प्रदर्शनाच्या तारखेसाठीचा पाठपुरावा, मुंबईला न्यायचा टेम्पो, विकल्या गेलेल्या चित्रांची बिलं हे सगळं माझ्याकडे येत गेलं. माझं चित्र काढणं मुलांच्या सरावपुस्तकांतल्या चित्रांपुरतं उरलं. आंबा, बदक, बैलगाडी, टपाल कार्यालय. ते काम मी कधी कमी मनानं केलं नाही, पण ते माझं चित्र नव्हतं. घटस्फोट झाला तेव्हा वस्तू वाटून घेताना इझल त्याच्याकडे गेलं आणि मला ते खटकलंसुद्धा नाही. खटकलं नाही, याचं दुःख मला पुढे फार झालं. माणूस गेल्याच्या दुःखापेक्षा ते वेगळं होतं आणि ते कुणाला सांगताही येत नव्हतं. घरचे म्हणायचे, झालं गेलं विसर. काय विसरायचं होतं ते मला माहीत होतं, काय आठवायचं होतं ते सापडत नव्हतं.

माझी खरी अडचण अशी होती की रेघ मारण्याआधीच ती त्याला कशी दिसेल हे मला दिसायचं. तो मागे येऊन उभा राहायचा आणि ‘हं’ म्हणायचा. बस, एवढंच. वाईट बोलणारा माणूस नव्हता तो. पण त्या ‘हं’मध्ये कोपर कडक झालंय, सावली चिकटवल्यासारखी आलीय, हे सगळं मला ऐकू यायचं. तो घरातून गेल्यावरही ‘हं’ घरात राहिला. पुण्यात मी किती वह्या आणल्या आणि पहिल्या पानावरच बंद केल्या.

ग्रांद शोमियेरमध्ये मी भिंतीला पाठ लागेल अशी शेवटची जागा धरली. मागे कुणी उभं राहूच शकत नाही, अशी. त्या दिवशीची मॉडेल साठीच्या पुढची बाई होती. पांढरे केस कापलेले, पोटावर शस्त्रक्रियेचा उभा व्रण, गुडघे सुजलेले. आमच्या कॉलेजात मॉडेल म्हणून फेटेवाले मामा खुर्चीत बसायचे, अंगात सदरा-धोतर. फेट्याच्या घड्या काढण्यात आमचा अर्धा दिवस जायचा. इथं घड्या नव्हत्या, होता तो नुसता माणसाचा देह आणि त्याचं वजन. ती उभी राहिली, सगळा भार डाव्या पायावर टाकला, उजवा खुबा खाली आला आणि खांदे उलट्या दिशेला कलले. ‘वजन कुठल्या पायावर आहे ते आधी बघा, चेहरा कुठं पळून जात नाही,’ असं आमचे सर सांगायचे. नवऱ्याचं म्हणणं असायचं की चेहरा जमला तर चित्र विकलं जातं, म्हणून कैक वर्षं मी सुरुवात चेहऱ्यापासून करत आले. त्या दिवशी मी डाव्या टाचेपासून सुरुवात केली. टाच, पोटरी, गुडघ्याची सूज, मांडी, कमरेचा कोन. मानेपर्यंत पोचले आणि पोज बदलली. चेहरा आलाच नाही. पुढची पोज. पुन्हा पायापासून.

क्रोकीचा हाच गुण मला सर्वांत मोठा वाटतो, आणि तो कुठल्या पुस्तकात वाचून कळत नाही. पोज पाच मिनिटांची असते तेव्हा बघायला आणि हात चालवायलाच वेळ पुरत नाही. ‘हं’ ऐकायला वेळ उरतच नाही. दहाव्या, बाराव्या कागदानंतर माझ्या लक्षात आलं की मघापासून मी कुणालाच विचारलेलं नाही. कोळशानं मनगटापर्यंत हात काळा झाला होता आणि कागदावरची रेघ माझ्या कॉलेजच्या दिवसांतली होती. थोडी जाड, थोडी घाईची, खाली टेकलेली. मी ती लगेच ओळखली. डोळे भरून आले तेव्हाही मी काढत राहिले, कारण पोज चालू होती.

आजूबाजूला कोण होते? शाईच्या पेनानं अतिशय बारीक काढणारे एक वृद्ध गृहस्थ. टॅबलेटवर काढणारी एक तरुण मुलगी. माझ्या शेजारच्या बाईचा कोळसा संपला तेव्हा तिनं हातानं खूण केली. मी माझी कांडी मोडून अर्धी दिली. सत्र संपल्यावर तिनं उरलेला तुकडा परत आणून माझ्या डबीत ठेवला आणि मानेनं नमस्कार केला. तीन आठवड्यांच्या मैत्रीपेक्षा मला तो व्यवहार जवळचा वाटला. फ्रेंच येत नाही म्हणून काही अडलं नाही. आत जाताना ‘बोंजूर’ आणि निघताना ‘मेर्सी’ मात्र म्हणायलाच हवं, पॅरिसमध्ये कुठल्याही दारात हे न म्हणता शिरणं उद्धटपणाचं समजतात.

मॉडेलबद्दल दोन गोष्टी आधीच समजून घ्याव्यात. फोटो अजिबात काढायचे नाहीत, फोन बॅगेत. पोज चालू असताना आत शिरायचं नाही, उठायचं नाही. हे काम अवघड आहे, अंगावर येणारं आहे आणि ते करणारी माणसं व्यावसायिक आहेत. पॅरिसमध्ये सत्र संपताना चित्रकागदाचा शंकू करून तो फिरवायची आणि त्यात मॉडेलसाठी पैसे टाकायची जुनी रीत होती. २००८ साली महापालिकेनं आपल्या वर्गांमधून ती बंद केली, तेव्हा मॉडेल्सनी डिसेंबरच्या थंडीत उघड्या अंगानं निदर्शनं केली. आपल्याकडेही कला महाविद्यालयांमध्ये बसणाऱ्या बायका-पुरुषांच्या जिवावर पिढ्यान् पिढ्या शिकल्या आणि त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. मला त्या खोलीत आमच्या फेटेवाल्या मामांची फार आठवण आली.

आता अमृता शेरगिल. ती इथं प्येर वाइयाँ यांच्याकडे शिकली, मग बोझारमध्ये गेली. १९३३ साली ग्रां सलाँ या पॅरिसच्या मोठ्या चित्रप्रदर्शनाचं सुवर्णपदक मिळालं. १९३४च्या अखेरीस ती हिंदुस्थानात परतली, १९३६ मध्ये अजिंठा पाहिला आणि १९३७ साली बॉम्बे आर्ट सोसायटीनं तिच्या ‘थ्री गर्ल्स’ला सुवर्णपदक दिलं. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात तिची पॅरिसची आणि नंतरची चित्रं एकाच इमारतीत बघता येतात. ग्रांद शोमियेरला जाण्याआधी किंवा जाऊन आल्यावर ती जरूर बघा. खांदा आणि मान यांचं वजन ती कसं खाली सोडते ते बघा. ते या अशा खोल्यांमध्ये बसून हातात आलेलं आहे, आणि ते तिनं डोंगराळ भागातल्या, पदर घेतलेल्या, मान खाली घातलेल्या बायकांसाठी वापरलं.

पण त्या गल्लीत मला सर्वांत जास्त सोबत झाली ती पाउला मोडरझोन-बेकरची. ही जर्मन चित्रकार १९०० साली पहिल्यांदा पॅरिसला आली तेव्हा १० नंबरच्या कोलारोस्सीत शिकली. नवराही चित्रकार, तिच्यापेक्षा नावाजलेला. फेब्रुवारी १९०६ मध्ये ती त्याला सोडून एकटी पॅरिसला आली. कवी रिल्केला लिहिलेल्या पत्रात तिनं म्हटलंय की आता सही कुठल्या नावानं करावी तेच कळत नाही. त्याच वर्षी २५ मेला, लग्नाच्या वाढदिवशी, तिनं स्वतःचं कमरेपर्यंत उघडं चित्र रंगवलं, पोटावर हात ठेवलेलं. पोटात मूल नसताना तिनं स्वतःला तसं रंगवलं. पुढच्या वर्षी ती नवऱ्याकडे परतली आणि मुलगी झाल्यानंतर काही दिवसांतच, १९०७च्या नोव्हेंबरमध्ये वारली. वय ३१. तिचा शेवट माझ्यासाठी धीराचा नाही. पण त्या एका वर्षातलं तिचं काम आहे, आणि ते कुणी परत घेऊ शकत नाही. व्हिसाच्या अर्जात माहेरचं, सासरचं, जुनं, चालू असे माझ्या नावांचे किती रकाने भरून झाले होते! गल्लीत १० नंबरसमोर उभी राहून मी ठरवलं की चित्राखाली फक्त माझं पहिलं नाव येईल.

रंग घ्यायचे तर सेनेलिएचं मूळ दुकान सेन नदीच्या काठी, ३, के वोल्तेर इथं आहे. १८८७ पासून. लूव्र नदीपलीकडे समोर, बोझार बाजूलाच. लाकडी खणांची कपाटं, अरुंद जिना, आणि प्रत्येक कांडी सुटी मिळते. ते महत्त्वाचं, कारण पूर्ण पेटी फार महाग पडते. मी त्यांचे ऑइल पेस्टल घेतले. १९४९ साली हे पिकासोच्या मागणीवरून तयार झाले, लाकूड, कागद, कॅनव्हास, कशावरही चालेल असं काहीतरी त्याला हवं होतं. लहानपणी आपण सगळ्यांनी कॅम्लिनचे ऑइल पेस्टल घासले आहेत, ते कडक, बोटं दुखवणारे. हे लिपस्टिकइतके मऊ. कागदावर ठेवले की रंग उतरतो, घासावा लागत नाही. दोष म्हणाल तर ते कधीच पूर्ण वाळत नाहीत, पुसले जातात, म्हणून दोन पानांमध्ये बटर पेपर हवाच, आणि पुण्याच्या एप्रिलमध्ये पंख्याखालच्या टेबलावर ठेवले तर पार लिबलिबीत होतात. लहान वहीसाठी घेऊ नका, मोठा कागद असेल तरच त्यांची मजा. मी राखाडी, तपकिरी आणि गेरूच्या जवळपासच्या छटा घेतल्या, कातडीच्या. सहसा कातडीचा रंग म्हणून मिळते ती गुलाबी कांडी मी बाजूला ठेवली.

तुलनेसाठी एक सांगते. जाण्याआधी मी ऑनलाइन एक चित्रसहलही नोंदवली होती. पैसे ग्रांद शोमियेरच्या कितीतरी पट. पुलावर बसवून मार्गदर्शक प्रत्येकाच्या कागदावर स्वतःच्या पेन्सिलीनं दुरुस्ती करत होता आणि शेवटी सगळ्यांच्या वह्या उघडून कुणाचं चांगलं ते ठरवणार होता. मी वही मिटून निघाले. सुट्टीत थोडी गंमत म्हणून अशी सहल ठीक असेल, मन मोडलेल्या अवस्थेत ती घेऊ नये.

एकटीनं राहण्याबद्दल जास्त लिहीत नाही, ती माहिती सगळीकडे मिळते. संध्याकाळ जड जाते, हे मात्र खरं. सत्र संपल्यावर मोंपार्नासच्या हॉटेलांबाहेर जोडीजोडीनं बसलेली माणसं दिसतात. मी लक्झेंबर्ग बागेत जायचे. हिरव्या लोखंडी खुर्च्या तिथं कुणीही कुठंही ओढून घ्याव्यात, पैसे नाहीत. बुलेव्हार रास्पायच्या बाजारातून ब्रेड, चीज, जर्दाळू आणून तिथंच खायचे आणि दिवसाचे कागद मांडीवर घेऊन बघायचे. जवळच रू दास्सावर झाडकिनचं राहतं घर आणि स्टुडिओ संग्रहालय म्हणून जपलाय. हा झाडकिनही ग्रांद शोमियेरमध्ये शिकवायचा. झाडाखाली त्याची शिल्पं उभी आहेत, गर्दी नसते, उभं राहून काढता येतं.

पुण्यात परतल्यावर मी पहिल्यांदा इझल घेतलं. बाहेरच्या खोलीत, सोफा काढून. रविवारी सकाळी आम्ही चौघी तिथं जमतो आणि आळीपाळीनं एकमेकींसमोर बसतो. कुणी कुणाच्या पाठीमागे उभं राहायचं नाही, हा एकच नियम. सरावपुस्तकांचं काम चालूच आहे. त्यातली बदकंही आता वेगळी चालतात, असं संपादकबाई म्हणाल्या.

जाणार असाल तर: वेळापत्रक निघायच्या आदल्या दिवशी बघा, सत्रांच्या वेळा बदलतात. सुटे पैसे जवळ ठेवा. कागद ए-थ्री आकाराचा, स्वस्तातला आणि भरपूर न्या, महागाच्या कागदावर हात अडतो. विलो चारकोल, काळ्या आणि गेरू रंगाच्या काँते नावाच्या कडक खडूच्या कांड्या, मऊ खोडरबर आणि दोन क्लिपा पुरतात. फिक्सेटिव्हचा (कोळसा झडू नये म्हणून चित्रावर मारायचा) स्प्रे विमानात नेता येत नाही, तो तिथंच सेनेलिएत घ्या आणि संपवून या. येताना कागद गुंडाळू नका, कोळसा झडतो. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून हातातल्या बॅगेतून आणा. सत्राच्या अर्धा तास आधी पोचलात तर मागच्या भिंतीकडची जागा मिळते.